डॉलीची दोन माणसे लागणारी चाके आहेत तशीच ठेवण्याबाबत

दिनांक : २० नोव्हेंबर २०२५

प्रति,
मा. भांडार व साहित्य अधिकारी,
हवाई क्रीडा विभाग, विभागीय कार्यालय,
नाशिक.

अर्जदार : शेखर वामन गायधनी, निवृत्त ग्लायडिंग प्रशिक्षक, सध्या मानद देखभाल प्रभारी, ग्लायडिंग केंद्र (उड्डाणे स्थगित), राहणार गंगापूर रोड, नाशिक.

विषय : ग्लायडरच्या डॉलीसाठी मंजूर झालेले नवीन फिरते चाक न बसविता जुनी सदोष चाकेच कायम ठेवणेबाबत.

संदर्भ : १) माझेच यापूर्वीचे सर्व अर्ज, ज्यांत मी नेमके याच्या उलट मागितले आहे.
२) आपल्या कार्यालयाचा मंजुरी आदेश व त्यासोबतचा पास रद्द करण्याच्या आदेशाचा मसुदा.

महोदया,

संदर्भ क्र. १ वाचून आपण हा अर्ज बाजूला ठेवाल, ही भीती धरूनच लिहीत आहे. ते अर्ज करणारा मीच आणि हा करणाराही मीच. माझी प्रकृती ठीक आहे व हा अर्ज कोणाच्या सांगण्यावरून केलेला नाही. पुढील मजकूर शेवटपर्यंत वाचावा, एवढीच प्रारंभी विनंती.

१. आपण या पदावर नव्याने रुजू झाला आहात, म्हणून वस्तुस्थिती सांगतो. केंद्रात आता एकच ग्लायडर उरले आहे, दोन आसनी. त्याला इंजिन नसते. मैदानाच्या दुसऱ्या टोकाला विंच नावाचे यंत्र असते, ते लांब दोराने ग्लायडरला ओढते आणि पतंगासारखे वर चढवते. पुढे ते नुसत्या हवेवर तरंगते. आकाशात कितीही डौलदार दिसले तरी जमिनीवर ते फार लाचार असते. पोटाखाली एकच चाक, एक पंख कललेला, शेपटी मातीत टेकलेली. ते हँगरमधून बाहेर काढायचे तर शेपटीखाली एक छोटी गाडी बांधावी लागते. तिला आम्ही डॉली म्हणतो. डॉलीला चाके कोणती आहेत, यावर ग्लायडर हलवायला किती माणसे लागतात ते ठरते. माझा संपूर्ण अर्ज या एका वाक्यापुरता आहे.

२. चाक आपल्या खुंटीभोवती फिरणारे असेल, तर एकटा माणूस पंखाचे टोक धरून चालू लागला की शेपटी मागून आपोआप वळते. चाके सरळच जाणारी असतील, तर प्रत्येक वळणावर एकाला शेपटी, म्हणजे सिमेंटच्या गोणीएवढे वजन, उचलून फिरवावी लागते आणि त्याच वेळी दुसऱ्याला पंख तोलून धरावा लागतो. आपल्या हँगरच्या दारापासून उन्हाच्या जागेपर्यंत तीन वळणे आहेत. सध्याची चाके सरळच जाणारी आहेत.

३. ही चाके कोणीही मागितली नव्हती. मूळ चाक गंजून निकामी झाले तेव्हा स्थानिक बाजारातून चाक घेण्याची मुभा मिळाली होती. त्यासाठी मी व विंचचालक श्री. सोमा भोये असे दोघे माझ्या स्कूटरवरून सातपूरला गेलो. श्री. भोये मूळचे पेठ तालुक्यातील. तरुण वयात केंद्राचे कुंपण घालायच्या मजुरीवर आले, ते विंच शिकून इथलेच झाले. मी वरून आणि त्यांनी खालून, असे आम्ही तीसेक वर्षे एकत्र काम केले. मी शिकवलेला प्रत्येक विद्यार्थी त्यांच्या दोरावर वर गेलेला आहे.

दुकानात त्यांना द्राक्षांच्या पॅकिंग शेडमधल्या ट्रॉलीला असते तसे भरीव रबरी चाक पसंत पडले. मला हवा भरलेले मोठे चाक हवे होते. भरीव चाक खडबडीत जमिनीवर आदळते आणि दणका थेट शेपटीत जातो, असे माझे म्हणणे. मैदानात जिकडेतिकडे बाभळीचे काटे आहेत, हवेचे चाक टिकणार नाही, असे त्यांचे. दोघांचेही बरोबर होते, हे आज लिहायला सोपे जाते. आमचे चालू असताना दुकानदाराने दोन गिऱ्हाइके उरकली. शेवटी माझ्या म्हणण्याप्रमाणे हवेचे चाक घेतले. ते पहिल्याच फेरीत पंक्चर झाले, शेपटी धाडकन खाली बसली आणि सुकाणूच्या कडेला चीर गेली.

त्यावर मैदानात उभे राहून आम्ही एकमेकांना जे बोललो ते अर्जात देण्यासारखे नाही. चाकावरून निघालेला विषय कोणी कोणाचे किती वर्षे ऐकून घेतले इथपर्यंत गेला. दोघांनीही मनात साठवलेले सगळे त्या दुपारी बाहेर काढले, त्यामुळे नंतर बोलायला काही शिल्लक राहिले नाही. तेव्हापासून आमचे बोलणे बंद आहे. त्यानंतर थोड्याच दिवसांत उड्डाणे स्थगित झाली आणि श्री. भोये निवृत्त झाले. त्यांच्या निरोप समारंभात मी भाषण केले, पण ते श्रोत्यांकडे बघून केले.

४. पंक्चरची तक्रार आपल्या कार्यालयाकडे गेली तेव्हा आपल्या आधीच्या अधिकाऱ्यांनी परस्पर खरेदी करून दोन चाके पाठवली. ती दप्तराच्या ढकलगाडीची असावीत, कारण त्यांच्यासोबत फाइली ठेवायचा एक लोखंडी कप्पाही आला होता. कप्पा मी रीतसर परत केला. चाके बसवून घेतली, कारण ग्लायडर आत ठेवून चालत नाही. हँगरचे पत्रे गळतात, लाकूड आणि कापड ओल धरते, ऊन दाखवले नाही तर बुरशी येते. चाके बसवल्यावर कळले की ती वळत नाहीत.

मग मी कळवले की एका माणसाचे हे काम नाही. कार्यालयाने तत्परतेने मार्ग काढला. चाके बदलण्याऐवजी माणूस वाढवला. श्री. भोये निवृत्त असल्याने त्यांना मैदानात येता येत नव्हते, म्हणून त्यांना 'हाताळणी सहायक, विनामानधन' असा तात्पुरता प्रवेश पास देण्यात आला. पासावर कारणाच्या रकान्यात 'चाके सरळच जात असल्याने' असे लिहिलेले आहे. दर सहा महिन्यांनी त्याच कारणाने तो वाढवून मिळतो.

मला वाटले होते, ते येणार नाहीत. ज्याच्याशी भांडण झाले त्याच्या ग्लायडरची शेपटी उचलायला निवृत्त माणूस फुकटात कशाला येईल? ते आले. पास गेटवरील रखवालदार धनराज यांना दाखवला, हँगरमध्ये शिरले, माझ्याकडे न बघता शेपटीपाशी जाऊन उभे राहिले. दर बुधवारी आणि रविवारी येतात.

५. ग्लायडिंगमध्ये जमिनीवरचे काम खुणांनी चालते, कारण विंचपर्यंत आवाज पोचत नाही. हात कमरेखाली हलवला की दोर सावकाश ताणायचा. डोक्यावरून हलवला की पूर्ण जोर. दोन्ही हात वर म्हणजे थांबायचे. बोलणे बंद झाले तेव्हा या खुणा आमच्या हाताशी होत्या. पंखाचे टोक आणि शेपटी यांच्यात साध्या आवाजात बोललेले ऐकू येते, तरी आम्ही खुणाच करतो. वळण आले की मी पंखाचे टोक कमरेवर तोलून दोन्ही हात जमतील तेवढे वर करतो. ते थांबतात, गुडघे वाकवून शेपटी उचलतात, माझ्या हाताकडे बघत बाजूला चालत जातात. या तीन वळणांवर ते माझ्याकडे बघतात. एरवी बघत नाहीत.

पुढे काही खुणा आमच्या आम्हीच वाढवल्या. कपाळावर आडवा हात म्हणजे ऊन चढले, आत घेऊ. दोन बोटे ओठांशी म्हणजे चहा. चहा माझ्या थर्मासातला, कपही माझेच. पंखाच्या सावलीत बसून पितो. वर घारी फिरत असतात. एखादी घार पंख न हलवता चढू लागली की तिथली हवा वर जाते आहे असे समजावे, ग्लायडर तिथे नेले तर तेही चढते. श्री. भोये बोटाने ती घार दाखवतात. मी मान डोलावतो. उडायची परवानगी नाही, तरी हवा चांगली आहे हे दोघांना कळलेले बरे असते.

मागील उन्हाळ्यात मला ताप आल्याने एका रविवारी मी गेलो नाही. फोन करण्याचा प्रश्नच नव्हता. धनराज यांनी नंतर सांगितले की श्री. भोये दुपारपर्यंत हँगरच्या दारात बसून होते. मग उठून ग्लायडरचे आच्छादन काढले, झटकले आणि परत घातले. मी आलो त्या दिवशी माझ्या खुर्चीच्या पाठीला एक पिशवी अडकवलेली होती. आत गवती चहाची जुडी आणि आल्याचा तुकडा होता. कोणी ठेवली, ते मी विचारले नाही.

६. इथे थोडे माझ्याविषयी लिहिणे भाग आहे. माझा विवाह झालेला नाही. ज्या वयात लोक संसार करतात त्या वयात मी रविवारीसुद्धा मैदानात असायचो, आणि ते मला आवडायचे. विद्यार्थी खूप झाले. ते आता मोठ्या विमानांत आहेत, कधीमधी शुभेच्छा पाठवतात. माझ्या इमारतीत भाडेकरू सारखे बदलतात. दूधवाला पिशवी दाराला अडकवून निघून जातो. मंगळवारी संध्याकाळपर्यंत माझा आवाज असा वापरलाच गेलेला नसतो. बुधवारीही तो वापरला जातो असे नाही, पण समोर माणूस असतो. ही माहिती चाकांशी संबंधित नाही असे आपणांस वाटेल. ती आहे.

मागील वर्षी श्री. भोये यांच्या पत्नी कमळाबाई वारल्या. मला हे धनराज यांच्याकडून समजले. त्या बुधवारी ग्लायडर आतच राहिले. मी त्यांच्या घरी जायला हवे होते. मैदानाशेजारच्या कालव्यापलीकडे वस्ती आहे, तिथेच त्यांचे घर. मी निघालो, कालव्यापर्यंत गेलो. गेल्यावर पहिला शब्द कोणता बोलायचा हे सुचेना, म्हणून परत आलो. दिवसकार्य झाल्यावर ते आले. मी पंखापाशी उभा होतो. अशा प्रसंगाची खूण कुठल्या नियमपुस्तकात नाही. त्यांनी शेपटी उचलली, मी पंख धरला आणि आम्ही ग्लायडर उन्हात नेले. उन्हाची जागा आली. मी थांबण्याची खूण केली नाही आणि तेही थांबले नाहीत. आम्ही तसेच धावपट्टीच्या पार टोकापर्यंत गेलो. न्यायचे काही कारण नव्हते. तिथे बराच वेळ उभे राहिलो आणि परत आणले.

७. आता आपण विचाराल, मग फिरत्या चाकासाठी अर्ज कोणी केले? मी केले. पहिला अर्ज रागाच्या भरात होता आणि अगदी मनापासून होता. 'अर्जदारास कोणत्याही दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीवाचून हाताळता येईल असे चाक' हे शब्द माझेच आहेत. त्यानंतरची स्मरणपत्रे सवयीने. वर्षातून दोनदा द्यायचे, पोच घ्यायची, घरी यायचे. प्रत्येक वेळी मजकूर तोच ठेवला, तारीख तेवढी बदलली. राग कधीच गेला होता. पण अर्ज थांबवले असते तर राग गेला हे कुठेतरी मान्य करावे लागले असते. शिवाय आपल्या कार्यालयाविषयी माझी अशी पक्की खात्री होती की मागितलेली वस्तू तेथून कधीही मिळत नाही. त्या भरवशावर मी निर्धास्तपणे मागत राहिलो.

आपण आलात आणि प्रलंबित अर्जांचा निपटारा सुरू केलात. अनेकांची कामे झाली असतील, त्याबद्दल आपले अभिनंदन. माझा मात्र आपल्या कार्यालयाने घात केला.

८. मंजूर चाक पाहण्यासाठी मी भांडारात येऊन गेलो. भांडारपालांनी ते कागदातून काढून टेबलावर ठेवले. महोदया, चाक उत्तम आहे. रुंद आहे, मऊ आहे, आत हवेऐवजी फोम भरलेला आहे. त्यामुळे काट्याची भीती नाही आणि दणकाही बसत नाही. म्हणजे त्यात माझेही म्हणणे आले आणि श्री. भोये यांचेही. बोटाने ढकलले तर खुंटीभोवती आवाज न करता फिरले. सातपूरच्या दुकानात त्या दिवशी हे असते तर आम्ही दोघेही खूश होऊन, वाटेत मिसळ खाऊन परतलो असतो. मी ते पुन्हा कागदात गुंडाळून दिले आणि भांडारपालांना चांगले आहे म्हणालो.

तरीही हरकत घ्यायचीच म्हणून घरी बसून तांत्रिक मुद्दे काढले. काळ्या मातीत रुंद चाकाला चिखल चिकटतो. वाऱ्यात फिरत्या चाकामुळे शेपटी आपोआप वळून पंख हँगरच्या खांबाला लागू शकतो. फोम उन्हाने कडक होतो. हे सगळे टाइप करून सोबत जोडणार होतो. पण पावसात आम्ही ग्लायडर बाहेर काढत नाही, वाऱ्यातही काढत नाही, आणि फोमविषयी मला काडीची माहिती नाही. तेव्हा हे मुद्दे विचारात घेऊ नयेत. चाकात कोणताही दोष नाही. अडचण एवढीच आहे की ते बसवले की मला सोमा लागणार नाही.

९. तेवढ्याने भागले असते तर मी गप्प बसलो असतो. आपल्या मंजुरी आदेशासोबत दुसऱ्या एका आदेशाचा मसुदा आला आहे. त्यात लिहिले आहे : 'अर्जदार श्री. गायधनी यांनी दुसऱ्या व्यक्तीच्या मदतीवाचून हाताळणी करता यावी अशी वेळोवेळी लेखी मागणी केल्यावरून नवीन चाक बसविण्यात येत असून, श्री. भोये यांची आवश्यकता संपुष्टात आली आहे. सबब त्यांचा प्रवेश पास रद्द करण्यात येत आहे.' आणि खाली, 'प्रत माहितीस्तव : श्री. सोमा भोये'. सोमवारी कारागीर चाक बसवायला येणार, त्याच दिवशी हे पत्र निघणार.

हे पत्र त्यांच्या घरी जाईल. श्री. भोये यांना बारीक अक्षर दिसत नाही, त्यामुळे त्यांची नात मोहिनी ते मोठ्याने वाचेल. त्यात खोटे एक अक्षर नाही. मागणी माझी आहे, वेळोवेळी आहे, लेखी आहे. ते शेपटी उचलत होते तेव्हा पंखापाशी उभा असलेला माणूस तिकडे ते नकोत म्हणून लिहून देत होता, असे त्यांना समजेल. चहा पाजत होता आणि लिहून देत होता. मला हे नाकारता येणार नाही, कारण नाकारायला आधी बोलावे लागते. पास गेला म्हणजे बुधवार आणि रविवार गेले. मैदान सोडून आमची भेट कुठे होत नाही. मग ते वस्तीत आणि मी गंगापूर रोडला, आणि मध्ये हे पत्र. महोदया, मला याची फार भीती वाटते. मी एकट्याने विमाने उडवली आहेत, तेव्हा अशी वाटली नव्हती.

१०. सबब, खालीलप्रमाणे विनंती आहे.

जुनी चाके आहेत तशीच ठेवावीत. मंजूर चाक दुसऱ्या एखाद्या केंद्रास द्यावे, तिथे त्याची कदर होईल.

खर्च पडला असल्याने चाक बसवणे भागच असेल तर बसवावे, परंतु खुंटीतून आरपार एक बोल्ट घालून ते फिरणार नाही असे करावे. बोल्ट मी माझा आणतो. कच्चा आराखडा सोबत आहे.

तेही नियमात बसत नसेल तर माझ्या वयाचा विचार व्हावा. माझा उजवा हात आता खांद्याच्या वर पुरता जात नाही. तसा वैद्यकीय दाखला आणून देतो. हाताळणीपुरते मला एका व्यक्तीपेक्षा कमी धरावे आणि जी तूट येईल तेवढ्यापुरता श्री. भोये यांना पास द्यावा.

यांपैकी काहीच शक्य नसेल, तर निदान रद्द करण्याच्या आदेशातून माझ्या अर्जांचा उल्लेख काढून टाकावा. 'कार्यालयीन कारणास्तव' असे लिहावे. आपल्या कार्यालयाची अशी कितीतरी पत्रे मी पाहिली आहेत, त्यांवर कोणी कधी शंका घेत नाही. श्री. भोये यांनी आपल्यावर राग धरला तर तो कार्यालयावर धरला जाईल, ते आपणांस सोसेल. मला सोसणार नाही.

सोमवारच्या आत निर्णय व्हावा, ही कळकळीची विनंती. रविवारी आम्ही नेहमीप्रमाणे ग्लायडर बाहेर काढणार आहोत.

आपला नम्र आणि या खेपेस उलटे मागणारा,

शेखर वामन गायधनी

सोबत :
१) सध्याच्या सदोष चाकांचे छायाचित्र.
२) बोल्ट घालण्याचा कच्चा आराखडा.
३) माझ्या यापूर्वीच्या सर्व अर्जांच्या पोचपावत्या. त्या ठेवून घ्याव्यात, मला नकोत.

ता.क. (२१ नोव्हेंबर)

हा अर्ज काल आवक कक्षात दिला असता लिपिकांनी परत केला. पास ज्यांच्या नावे आहे त्यांची सही असल्याखेरीज पासाबाबतचा अर्ज घेता येत नाही, असा नियम त्यांनी दाखवला. नियम बरोबर आहे. त्यामुळे आज मला श्री. भोये यांच्या घरी जावे लागले. या वेळी कालवा ओलांडता आला, कारण हातात कागद होता.

ते अंगणात नागलीची कणसे वाळत घालत होते. मी सहीची जागा दाखवली. त्यांनी हात पुसले, मोहिनीला चहा ठेवायला आत पाठवले आणि कशावर सही करायची ते वाचून दाखवा म्हणाले. कितीतरी वर्षांनंतर त्यांचा आवाज ऐकला, तो थोडा घोगरा झाला आहे. मोहिनी आत गेल्यामुळे मलाच वाचावे लागले. मी वरपासून खालपर्यंत सगळे वाचले, संदर्भ आणि विषयासह. कमळाबाईंच्या मजकुरापाशी मी अडखळलो. त्यांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि वाट पाहिली. नको म्हणून मी लिहून देत होतो, ते वाक्यही मी गाळले नाही.

वाचून झाल्यावर त्यांनी कणसे वरखाली केली. मग म्हणाले, "एवढं सगळं मॅडमला लिवलं. मला बोलायचं ना, मास्तर."

मी पेन पुढे केले. त्यांनी सही केली, ती खाली आहे. पेन परत देताना विचारले, मॅडम नाही म्हणाल्या तर काय? मी सांगितले, मग पास जाईल. काळा चहा आला होता, तो त्यांनी माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "जाऊ द्या पास. तुमी येत जा इकडं."

मी हो म्हणालो.

महोदया, हो म्हणालो खरा, पण घरी येईपर्यंत तोच विचार करत होतो. तिकडे जाऊन मी करायचे काय? त्यांच्या अंगणात धरायला पंख नाही. काम नसताना कोणाच्या घरी कसे जायचे, कुठे बसायचे, किती वेळाने उठायचे, हे या वयापर्यंत मला कधी करावे लागले नाही आणि आता कोणाला विचारायची लाज वाटते. मी शिकेन. थोडा वेळ लागेल. तोपर्यंत तरी चाके तशीच राहू द्यावीत.

शे. वा. गायधनी

पासधारक : सोमा भोये (सही)